डेसचा दुतोंडी तारा

आकाशगंगेच्या पट्ट्यावरून रेडिओ दुर्बिणीची थाळी फिरवायची, संगणकानं काढलेले ढीगभर आलेख डोळे फुटेस्तोवर बघायचे, आणि त्यात ठोके देणारा नवा तारा, म्हणजे पल्सार, सापडलाच तर सकाळच्या चहाला सगळ्यांना लॅमिंग्टन केक खिलवायचा, ही आमच्या दुर्बिणीवरची रीत. मंगळवारी टेगननं केक आणले. पोरीचं कंत्राट संपत आलं होतं. नावावर एक नवा तारा लागला की मुदतवाढ नक्की.

आमचे साहेब डेस क्विल्टी. तरुणपणी त्यांना एक तारा सापडला, दीड सेकंदात दोन ठोके देणारा. म्हणजे म्हणे स्वतःभोवतीच्या एका फेरीत दोन तोंडं दाखवणारा! त्या दोन तोंडांवर पठ्ठ्यानं जन्म काढला. व्याख्यानं काय, पदकं काय! मी आपली थाळी फिरवणारी, मला विचारतो कोण?

डेसनी टेगनचा आलेख बघितला आणि तोंडातला केक सांभाळत खो खो हसले. "अगं, जागा तीच आणि ठोका पाऊण सेकंदाला! बरोबर निम्मा. हा माझाच तारा आहे, बाई. संगणक असाच चकवतो नवशिक्यांना. केक मात्र झकास हं!"

टेगनचा चेहरा एवढासा झाला. मला असा संताप आला म्हणता!

ती मुकाट्यानं डेसची जुनी निरीक्षणं काढून बसली. दुपारच्या चहाला तिनं त्यातले दोन्ही ठोके पडद्यावर एकावर एक ठेवले. केसाचाही फरक नाही.

"डेस, दोन तोंडं नाहीतच. तारा पाऊण सेकंदातच फिरतो. तुम्ही दोन फेऱ्यांची एक फेरी धरलीत."

कोणी चहाचा घोट घेईना. डेस आधी लालबुंद झाले, मग पांढरेफटक. आणि मग, काय सांगू, एकदम टेगनचा हात हातात घेऊन हलवायला लागले.

"म्हणजे हा तुझा वेगळाच तारा! माझ्या दुतोंडी ताऱ्याला अगदी खेटून, निव्वळ योगायोग! अभिनंदन, पोरी! मुदतवाढीचं मी बघतो."

"घे की गं," मी तिच्या कानात म्हटलं. "सकाळी काय कमी हसला तुला?"

टेगननं हात सोडवून घेतला. उरलेला केक उचलून डेससमोर ठेवला.

"नाही, डेस. सकाळी तुमचंच बरोबर होतं. तारा तुमचाच आहे."

केक संध्याकाळपर्यंत तिथंच पडून होता.