रोमानियन मालाची घसरण

त्या गुरुवारी व्हर्लिन स्टॉलनेकरला सकाळपासून एका जागी बसवत नव्हतं. शनिवारी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये शिकारी क्लबचं जेवण, जेवणानंतर त्याचं भाषण आणि सोमवारी हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू. भाषणाचा विषय होता ‘रोमानियन मालाची घसरण : सव्वीस वर्षांचा अभ्यास’. विषय त्याचाच, अभ्यास त्याचाच आणि निष्कर्ष तर अभ्यासाच्याही आधीपासून तयार.

वेस्ट व्हर्जिनियाच्या त्या डोंगराळ कोपऱ्यात बंदुका दुरुस्त करणारे तिघे होते, पण कुठली बंदूक घेण्यासारखी हे सांगणारा व्हर्लिन एकटा. आणि सांगायचं तर रोमानियन रायफलींबद्दलच, कारण स्वस्त म्हणून घरटी एक तरी होतीच. दणकट रायफल, चिखलात बुडवली तरी चालणारी. बदनामी एकाच गोष्टीची : नळीच्या टोकावर नेम धरायला जी उभी कांडी असते, जिला माशी म्हणतात, ती कारखान्यातूनच तिरकी येते. या बदनामीत थोडं तथ्य होतं. उरलेलं व्हर्लिनने पुरवलं होतं.

त्याची पद्धत साधी. रायफल बाकावरच्या वाईसमध्ये, म्हणजे लोखंडी पकडीत, आवळायची. समोर तुळईला आजोबांचा पितळी ओळंबा टांगलेला, त्याच्या दोरीशी माशी जुळते का ते एक डोळा मिटून बघायचं. किती अंशांचा फरक ते वहीत लिहायचं, माशी दाबून दोरीला समांतर करायची आणि गिऱ्हाइकाला म्हणायचं, “ओळंबा खोटं बोलत नाही.” आजोबा याच ओळंब्यावर खाणीतले खांब उभे करत. त्यातला एकही खांब पडला नव्हता. आजोबा गेले ते खाणीच्या धुळीने फुफ्फुसं भरून.

वहीवरून त्याने आलेख काढला होता. एकोणीसशे नव्व्याण्णवात तिरकेपणा शून्य. पाच वर्षांनी अर्धा अंश. मग एक, मग दीड. यंदा दोन. रेघ कशी जिन्यासारखी उतरत गेलेली. “कामगारांची पिढी बदलली की माल बदलतो,” हे वाक्य भाषणात तीनदा येणार होतं.

दुपारी डेल्बर्ट हीस्टर आला. शाळेपासूनचा मित्र, खाणीतून निवृत्त, एका हातात पेपरोनी रोल, दुसऱ्या हातात रायफल. व्हर्लिनने ती मागवून घेतली होती. वहीतली ही पहिलीच नोंद, नव्व्याण्णव सालची. शेजारी शेरा : ‘दोरीसारखी सरळ. प्रामाणिक काम.’ शनिवारी ती हातात उंचावून ‘एके काळी असं करत होते’ म्हणायचा बेत होता.

“वीस हजार वेळा पुसली असेल,” डेल्बर्ट म्हणाला. “बायको म्हणते, मला कधी एवढं पुसलं नाहीस.”

व्हर्लिनने ती वाईसमध्ये आवळली. एक डोळा मिटला. तो उघडला आणि दुसरा मिटला.

“डेल्बर्ट, ही पाडलीस कुठे?”

“पाडली?”

“दोन अंश डावीकडे आहे. ट्रकला बांधून फरफटवलीस का?”

“लेका, सव्वीस वर्षं कपाटात आहे ती. माझ्यापेक्षा कमी हिंडलीय.”

“मग हे काय? आपोआप वाकली? म्हातारपणी?”

“मी वाकलो ना.” डेल्बर्टने उरलेला रोल तोंडात टाकला. “पण मी लोखंडाचा नाही.”

तो गेल्यावर व्हर्लिनने रायफल काढली, पुन्हा आवळली, पुन्हा काढली. दोन अंश. चष्मा पुसला. दोन अंश. मग अंगणात जाऊन आला, कॉफी ओतली, न पिताच ठेवली. शेवटी भिंतीवरून वडिलांची रायफल उतरवली. अस्सल अमेरिकन, कनेक्टिकटच्या कारखान्यातली. तिला या वाईसमध्ये आजवर कुणी घातलं नव्हतं. सरळ माणसाची कुणी नाडी बघत नाही. आवळताना त्याला वडिलांची क्षमा मागावीशी वाटली.

दोन अंश. डावीकडे.

त्याने हातातली पेन्सिल बाकावर ठेवली. ती घरंगळत निघाली आणि कडेच्या लाकडी पट्टीला टेकून थांबली.

पट्टी त्यानेच ठोकली होती, दहा-बारा वर्षांपूर्वी. स्क्रू घरंगळून ओढ्याच्या बाजूला पडतात म्हणून. का घरंगळतात, हा प्रश्न त्या गावात कुणाला पडत नसे. गावाखाली शंभर वर्षांच्या रिकाम्या खाणी, त्यामुळे घरं हळूहळू कलतच असत. दार अडकलं की रंधा मारायचा, फ्रिज डुलायला लागला की पायाखाली जुनं फोनबुक सारायचा आणि गप्प बसायचं. व्हर्लिनने स्वयंपाकघराच्या दाराला चार वेळा रंधा मारला होता. वाईसखाली मात्र सपाटी बघायची पाणसळ ठेवली होती ती एकदाच, नव्व्याण्णव साली.

आता ठेवली. बुडबुडा एका टोकाला जाऊन बसला, रुसल्यासारखा.

ओळंबा खरंच खोटं बोलत नव्हता. बाकी सगळं घर बोलत होतं.

त्याने वही उघडली. ‘सरळ केली’, ‘सरळ केली’, ‘सरळ केली’. एकसष्ट रायफली. त्यातल्या काही खरंच तिरक्या असतीलही, पण कुठल्या ते आता देवालाच ठाऊक. बाकीच्या रोमानियातून नीट आल्या होत्या, त्या त्याने स्वतःच्या हाताने वाकड्या केल्या होत्या, आणि वर ‘ओळंबा खोटं बोलत नाही’ म्हणून परत दिल्या होत्या.

शुक्रवारभर तो घरात फेऱ्या घालत राहिला. बायको ट्वायला हॉलसाठी मक्याचा ब्रेड भाजत होती.

“बस रे जरा. फरशी आधीच खचतेय.”

त्याने तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

“म्हणजे मी पंधरा वर्षं म्हणतेय की केक एका बाजूने फुगतो, तेव्हा तू म्हणायचास मैदा भेसळीचा आहे.”

“ट्वायला, मी उद्या बोललो तर माझ्या शब्दाला या खोऱ्यात किंमत राहणार नाही.”

“आणि नाही बोललास तर सोमवारी एकसष्ट माणसं तुझ्या शब्दावर नेम धरणार.”

शनिवारी बीन्स आणि ब्रेड संपल्यावर व्हर्लिन उभा राहिला. आलेख भिंतीला लावला होता. हॉलमध्ये साठेक माणसं, सगळी आधीच माना डोलवायला बसलेली. तो दोनदा पाणी प्यायला.

“हा आलेख बरोबर आहे,” तो म्हणाला. “फक्त तो रायफलींचा नाही. माझ्या घराचा आहे.”

मग त्याने पेन्सिलीपासून पाणसळीपर्यंत सगळं सांगितलं. लोक हसले. कुणीतरी ओरडलं, “व्हर्लिन, एवढा मोठेपणा नको! रोमानियन माल तो रोमानियन माल!” टाळ्याही पडल्या. सव्वीस वर्षांत त्याने त्यांना इतकं नीट पटवलं होतं, की आता त्याचंच त्याला खोडता येईना.

मागच्या टेबलावरून रॅन्डल कोगर उठला. चाळिशीचा, शाळेच्या बसचा ड्रायव्हर.

“थांबा. म्हणजे माझी तुम्ही वाकडी केलीत?”

“बहुतेक हो, रॅन्डल.”

“नऊ वर्षं. नेम खांद्यावर, गोळी झाडात. दहा टोकी शिंगांचा नर उभा होता माझ्यासमोर, माझ्याकडे बघत. तेव्हापासून माझा सासरा मला ‘सुतार’ म्हणतो. आणि मी काय केलं? रोमानियाला शिव्या दिल्या. मला नकाशात दाखवता येत नाही तो देश!”

एकेक जण मनाने आपल्या चुकलेल्या हरणाकडे परत गेलेला दिसत होता.

“उद्या आणा,” व्हर्लिन म्हणाला. “सगळ्यांनी. चर्च सुटल्यावर.”

रविवारी अकराला दारात रांग लागली. व्हर्लिनने पहाटेच बाकाखाली पाचरी मारून वाईस समतल केला होता. डेल्बर्ट पुढे आला, खिशात स्वतःची पाणसळ.

“विश्वास आहे रे. पण बघतो जरा.”

त्याने ती वाईसवर ठेवली. मागून रॅन्डलनेही खिशातून एक काढली. मग तिसऱ्याने. बाकावर सहा पाणसळी मांडल्या गेल्या आणि सहा बुडबुडे सहा ठिकाणी बसले. माणसं वाकून बघत राहिली.

“यातली खरी कुठली?” रॅन्डलने विचारलं.

माना एकेक करून व्हर्लिनकडे वळल्या, सवयीने. घरात कशावरच भरवसा उरला नव्हता. शेवटी त्याने तुळईवरचा ओळंबा सोडवला, वाईस उचकटून डेल्बर्टच्या ट्रकच्या मागच्या फळीवर बसवला आणि अंगणातल्या मेपलच्या फांदीला दोरी बांधली. एक डोळा मिटून तो दोरीशी वाईसचा जबडा जुळवू लागला. पाचर आत, पाचर बाहेर. रांग अंगणात आली.

“घराचं कळलं,” रॅन्डल पायांकडे बघत म्हणाला. “पण या खालीही खाणच आहे. ही जमीन तरी सरळ आहे का?”

“जमिनीचं मी काही लिहून देत नाही,” व्हर्लिन म्हणाला. “आज प्रत्येक रायफलीआधी वाईस दोरीशी नव्याने जुळवणार. वेळ लागेल. आण इकडे.”