रजेचं कारण

साहेब, ज्याचं मरायलाही कोणी उरलेलं नाही, त्याला तुम्ही जन्मठेप दिलीत.

पाणीपुरवठ्याच्या पंपघरात आम्ही दोघं. दिवसपाळी त्याची, पुढची माझी. सगळे त्याला मुका म्हणतात. मुका नाही तो. बायको गेल्यापासून बोलणं सुटलंय, इतकंच. "घरी गेलो की दिव्याचं बटण दाबतो," तो मला एकदा म्हणाला, "तेवढंच काय ते माझ्याशी बोलतं. टक् करतं."

सव्वीस वर्षं ज्या नदीचं पाणी त्यानं लोकांना पाजलं, तिच्या काठाकाठानं उगमापर्यंत एकट्यानं चालत जायचं त्याच्या मनात आलं. आठ दिवस. अर्ज घेऊन तो तुमच्या कचेरीत आला, तेव्हा मी सोबत होतो.

"दादा, कारण लिहिलं नाहीत," कारकूनबाई म्हणाल्या. "आजारी कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग लग्न? कोणाचं?"

"कोणाचं नाही."

"अहो, मग रजा कोणासाठी?"

"माझ्यासाठी. मी माणसांत राहायच्या लायकीचा उरलो नाही, बाई. चालून बघतो, काही बदलतंय का."

तुम्ही आतून ऐकलंत. बाहेर आलात. "बदलायचंय ना? मग आधी पंपाचं वायसर बदला! कधीची गळती आहे."

अख्खी कचेरी हसली. लाज वाटते सांगायला, मीही हसलो.

जिना उतरताना मी म्हटलं, "अरे, ठोकून दे की काहीतरी. चुलता गेला म्हण. साहेब काय नाडी बघायला येणार आहेत?"

"नको. खोटं बोलून निघालो, तर जातो तसाच परत येईन. मग कशाला जायचं?"

हट्टी तर हट्टी. तीन अर्ज केले. तिन्हींवर तुमची एकच ओळ : कारण सबळ नाही.

काल पाळीवर गेलो, तर पंप सुरू आणि खुर्ची रिकामी. तो बाहेर होता. पायांत नवेकोरे बूट, पाठीला पिशवी, आणि टाकीभोवती फेऱ्या. मान खाली. घाम मानेवरून ओघळत होता.

"पाळी संपली रे तुझी," मी ओरडलो.

"माहीत आहे. घरी जाऊन करू काय?"

आणि तो टाकीमागे दिसेनासा झाला. पुन्हा दिसला. पुन्हा गेला.

आठ दिवस दोन्ही पाळ्या मी करतो, साहेब. त्याला सोडताय की नाही? उत्तराचा कागद नको. ही चिठ्ठी आत पाठवून मी तुमच्या दाराबाहेर बाकावर बसलोय. बाहेर या आणि तोंडानं सांगा.