पिवळ्या केसांचा वलंदेज

मी एक जुनी चिनी मातीची बशी आहे, मित्रांनो. माझ्यावर एक वलंदेज, म्हणजे डच व्यापारी, उभा आहे. त्याच्या केसांपायी मी एकदा फुटता फुटता वाचले.

माझा जन्म जपानमधल्या अरिता गावातला. डोंगरातला दगड कुटून माझी माती झाली. मोठ्या भट्टीतून मी पांढरीशुभ्र बाहेर पडले आणि रंगाऱ्यांच्या आळीत सेइहाची नावाच्या रंगाऱ्याकडे आले. त्या आळीत बशांवर वलंदेज रोज रंगत, पण खरा वलंदेज कोणीच पाहिला नव्हता. सगळे त्यांना ‘लाल केसवाले’ म्हणत, म्हणून केसही लाल रंगवत. सेइहाची मात्र त्या वर्षी मालाच्या पेट्यांबरोबर नागासाकी बंदरावर जाऊन आला होता. तिथे एका वलंदेजाने घाम पुसायला टोपी काढली. केस वाळलेल्या पेंढ्यासारखे पिवळे होते. सेइहाचीने माझ्यावर तसेच काढले, हातात टोपीसुद्धा. लहान भट्टीत तो पिवळा रंग काचेसारखा पक्का बसला.

मालक मोहेइ यांनी मला उजेडात धरले. “म्हातारा झाला का रे तुझा वलंदेज?”

“मालक, मी पाहिलाय. असाच होता.”

“तू पाहिलास. ओसाकाच्या गिऱ्हाइकाने कुठे पाहिलाय? लाल कर, नाहीतर टाक ढिगावर.”

ढिगावर बशांचे तुकडेच होत. सेइहाची मला घेऊन आपल्या जागेवर येऊन बसला. शेजारी त्याची बायको ओत्सुने लाल रंग घोटत होती.

“टोपी घाला की त्याला,” ती म्हणाली. “तुमचंही खरं, मालकांचंही.”

“टोपी त्याच्या हातात काढलीय, तीही भाजून पक्की झाली.”

“मग लाल द्या, पण पातळ द्या.”

त्याने एकच पातळ हात दिला. मी पुन्हा भट्टीत गेले आणि लाल केसांची होऊन निघाले.

ओसाकाच्या एका खाणावळीत मी मुळ्याचे लोणचे वाढण्यात आयुष्य काढले. पाहुणे लाल केसांचे कौतुक करत. मालकीण ओतामी मला राखेने घाशी. वरचा लाल रंग झिजत गेला आणि खालचे पिवळे केस दिसू लागले. शेवटी रंग उडाला म्हणून तिने मला मांजरापुढे ठेवले.

नागासाकीच्या एका वाटसरूने मला उचलले. “बाई, रंग उडाला नाही. आमच्या बंदरावर असेच दिसतात वलंदेज.”

ओतामीने मला धुऊन फळीवर ठेवले. सेइहाचीला हे कधीच कळले नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्यांना घासताना हात हलका ठेवा. आणि रंग गेलेली वस्तू टाकण्याआधी एकदा उजेडात धरा. खाली कोणीतरी नीट पाहून काढलेले असते.