पाण्याचा रकाना

बारा वर्षं ती प्रयोगशाळेत फळांतलं व्हिटॅमिन मोजत होती, आणि बारा वर्षं थोरला भाऊ चारचौघांत तिची ओळख 'आमची बाटलीवाली' अशी करून देत होता. लोक हसत. तीही हसायची आणि घरी येऊन नवऱ्यावर डाफरायची. त्या बिचाऱ्याचा दोष एवढाच की तो समोर असायचा.

याच भावाने फळं वाळवायचा कारखाना टाकला आणि एके दिवशी दोन डबे घेऊन प्रयोगशाळेत हजर झाला. एकात ताज्या रासबेऱ्या, एकात वाळलेल्या.

"छोटे, यातलं व्हिटॅमिन सी तूच मोजायचं. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही."

एवढ्या एका वाक्यासाठी तिचे कान आसुसले होते. ती विरघळली.

काम मात्र तिने चोख केलं. व्हिटॅमिन सी ही जातच भलती नाजूक. उजेड लागला, ऊब लागली की संपलीच. म्हणून तिने बर्फात गार केलेल्या आम्लात फळं वाटली, रस गाळून तपकिरी बाटल्यांत भरला आणि यंत्राला लावला. यंत्र तो रस दाबाने नळीतून ढकलतं, त्यातले पदार्थ एकेक करून सुटे होतात आणि पडद्यावर ज्याची त्याची टेकडी उमटते. टेकडी जेवढी मोठी तेवढा माल जास्त. तिने तीन-तीनदा मोजलं. ताज्या बेऱ्यांत शंभर ग्रॅमला सव्वीस मिलिग्रॅम. वाळलेल्यांत एकतीस.

गोम आहे ती इथेच. साडेपाच किलो ताजं फळ आटतं तेव्हा कुठे किलोभर वाळलेलं हाती येतं. पाणी तेवढं उडतं, बाकीचं एकवटतं. काहीच नासलं नसतं तर आकडा दीडशेच्या घरात जायला हवा होता. आला एकतीस. म्हणजे पाचातले चार हिस्से भावाच्या भट्टीने गिळले होते. वाचणाऱ्याला हे कळावं म्हणून तर अहवालात कशात किती पाणी ते सांगणारा पाण्याचा रकाना असतो. तिने तो भरलाही होता.

"हा रकाना कशाला?" भावाने विचारलं. "लोक उगाच गोंधळतात."

"दादा, तो काढला तर वाटेल की वाळवल्याने व्हिटॅमिन वाढलं."

"वाटू दे की! यातला एक तरी आकडा खोटा आहे का?"

"नाही."

"मग? घरचं माणूस म्हणून तुझ्याकडे आलो. नाहीतर बाटल्या धुणारे काय कमी आहेत?"

तिने रकाना काढला आणि खाली सही केली. नरो वा कुंजरो वा म्हणायला सुद्धा निदान तोंड उघडावं लागतं. इथे नुसतं गप्प बसून भागलं.

महिन्याभराने पाकिटं बाजारात आली. वर ठळक अक्षरं होती, 'ताज्यापेक्षा जास्त व्हिटॅमिन सी'. त्या आनंदात भावाने घरी जेवण ठेवलं आणि भरल्या घरात तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "ही माझी बहीण. शास्त्रज्ञ आहे." सगळ्यांच्या माना वळल्या. तिला लाज वाटायला हवी होती. तिला आनंद झाला, अगदी डोळे भरून येण्याइतका.

कोपऱ्यात आई बसली होती. तिच्या हिरड्यांतून रक्त येत होतं आणि डॉक्टरांनी तिला व्हिटॅमिन सीसाठी रोज ताजी फळं खायला सांगितली होती. वहिनीने चिरून दिलेली बशी तिच्यासमोर होती. हातात लेकाचं पाकीट.

"छोटे," आईने हाक मारली, "हे ताजं चावताना फार ठणकतं गं. हे वाळलेलं चार दाणे नुसते चघळले की झालं. यात जास्त असतं म्हणतो हा. खरं का? तू मोजलंयस ना?"

भावाचा हात अजून तिच्या खांद्यावरच होता.

"हो, आई," ती म्हणाली. "शंभर ग्रॅमला पाच मिलिग्रॅम जास्त."

आईचा चेहरा उजळला. तिने ताज्या फळांची बशी दूर सारली. शास्त्रज्ञ बाईंनी ती उचलली आणि आत नेऊन ठेवली.