निजायची सीट

राहीबाईनं दाभणानं ताडपत्रीला असं भोसकलं, की दोरा ओढताना शिवलेला काठ टरकन फाटला. फाटला तर फाटला. पलीकडे दुकानाच्या ओट्यावर तिच्या भासऱ्यांचं, थोरल्या दिरांचं, पुन्हा सुरू झालं होतं.

"कळ दाबली का खुर्ची सपाट व्हते. पूरी सपाट! वरून गादी, उशी, रजई. घरच्या खाटेवर निजल्यासारखा मानूस निजते."

"पन एवढा पैसा घालनं परवडते काय, देवाजीभाऊ?" मोतीराम ड्रायव्हरनं विचारलं. त्याचा ट्रक समोर उभा होता आणि तो आपल्या ताडपत्रीची वाट बघत होता. "निजाले तं आमी केबिनीतही निजतो."

"तुह्या केबिनीत पाय मोडून निजा लागते. तिथं पाय पूरे लांब. एक एक पैसा वसूल!"

पाय पूरे लांब! राहीबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. अमेरिकेहून परत येऊन वीस दिवस झाले होते, तिच्या सुजलेल्या पायांना अजून जुन्या चपला चढत नव्हत्या, आणि यांचं विमानपुराण काही संपत नव्हतं.

इचोड्यात हायवेला लागून दोरखंड-ताडपत्रीचं दुकान आणि मागे घर. दुकान देवाजींचं, ट्रकवाल्यांच्या ताडपत्र्या शिवायचं काम राहीबाईचं. देवाजी तिच्या नवऱ्याचे थोरले भाऊ. एकतीस वर्षांपूर्वी ती या घरात आली, आणि एवढ्या वर्षांत भासऱ्यांशी एक शब्द समोरासमोर बोलली नव्हती. त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्यांच्यादेखत खाटेवर टेकायचं नाही. आडवं होणं तर सोडूनच द्या. काही सांगायचं तर मध्ये कुणीतरी लागायचं. आधी तिचे चंपतराव होते. ते वारल्यापासून देवाजींची सून हर्षाली. मामाजीले सांग, चहा झाला. काकूले सांग, दोन ताडपत्र्या आजच पाह्यजेत. घर बिनबोभाट चालत होतं.

विमानात मध्ये कुणी नव्हतं.

पंकजनं मोठ्या हौसेनं शिकागोहून आईला आणि मोठेबाबांना बिझनेस क्लासची तिकिटं धाडली होती. आईचे गुडघे दुखतात, तिनं आरामात निजून यावं म्हणून. याच घरात वाढलेला पोरगा, पण त्याला एवढं सुचू नये? भासऱ्यांची सीट तिच्या बरोब्बर पुढे. ती निजली असती तर तिचे तळपाय थेट त्यांच्या डोक्याकडे झाले असते. आजूबाजूला बाया-बाप्ये मोजे घातलेले पाय पसरून खुशाल घोरत होते. राहीबाई डोक्यावरचा पदर मुठीत धरून सोळा तास ताठ बसून राहिली. विमानातली पोरगी चारदा येऊन वाकली, गादी घालू का म्हणून खुणेनं विचारून गेली. चारदा राहीबाईनं मान हलवली. चौथ्यांदा तर तिला त्या पोरीचा रागच आला. पुढे भासरे डोक्यावरून रजई ओढून गाढ पडले होते. परततानाही तेच.

शिकागोला ती चपला हातात घेऊन उतरली, तेव्हा पंकजच्या तोंडचं पाणी पळालं. खरं काय सांगणार? बाजूला भासरे उभे. ती म्हणाली, सीटची कळ बिघडली होती. घरी आल्यावर फोनवरही तेच सांगितलं.

"काकू," हर्षाली फोन घेऊन आत आली. "पंकजभाऊजी हायेत. लय तापेल हायेत."

पडद्यावर पंकजचं तोंड लाल झालेलं. त्याच्या मागे पाळण्यात नात निजली होती. तीन महिने राहीबाईनं तिला आपल्या पायांवर न्हाऊ घातलं होतं.

"आई, मी विमानवाल्यांकडं तक्रार केली व्हती. आज उत्तर आलं. जातानीची सीट चांगली व्हती, येतानीचीही चांगली व्हती. तू खोटं काऊन बोलली?"

"तुले मायपेक्षा विमानवाले खरे वाटतात?"

"पाय पाह्यले मी तुह्ये! डॉक्टर काय म्हनला, ऐकलं ना? पुन्हा अशी बसून आली तं रक्ताची गाठ व्हईन म्हने. मार्चात पोरीचा पहिला वाढदिवस हाय. आज तिकिटं काढून राह्यलो मी. पन तू निजनार नसशीन, तं नाई काढत. नको येऊ तू."

नको येऊ. राहीबाईनं पाळण्याकडे पाहिलं. नातीची एक मूठ दुपट्याबाहेर आली होती. नेमका त्याच वेळी ओट्यावरून आवाज आला, "पूरी सपाट!"

"हर्षाली, बोलाव तुह्या मामाजीले. आत्ता बोलाव!"

देवाजी आले. नेहमीसारखे दाराशी थांबले, नेहमीसारखं भिंतीकडे तोंड करून.

"सांग त्याइले," राहीबाई हर्षालीकडे बघून म्हणाली, पण आवाज हायवेपर्यंत जाईल असा. "सांग, तुमी घोरत पडले म्हनून साऱ्या जगाले झोप लागत नाई. माह्ये पाय कोनाच्या डोक्याकडं येत व्हते, इचार त्याइले. सोळा घंटे मी खुर्चीवर जखडून बसलो. अन् हे बाहीर सांगून राह्यले, पैसा वसूल!"

"मामाजी, काकू म्हनतात का..."

"ऐकलं मी!" देवाजी कडाडले. "तूही सांग त्याइले. घोरलं कोन? सोळा घंटे रजईत तोंड खुपसून पडलो मी. काऊन? का पंकजच्या मायले वाटावं, भासरे झोपले, आता आपन पाठ टेकावी. जीव गुदमरला माहा. फटीतून पाहाव, तं ह्या बसेलच! त्या विमानातल्या पोरीले चारदा धाडलं. म्हनलं, पीछेवाली बाई को बोलो, सो जाव. चारदा! अन् ह्या मुंडी हालवतात. लघवीलेही उठलो नाई, का उठलो तं ह्या आनखीन आवरून बसतीन. एवढा महागाचा बिछाना, अन् मले डोया लागला नाई!"

राहीबाईला ती पोरगी आठवली. चारही वेळा तिच्या अंगावर वाकलेली. सोळा तास जपून ठेवलेला आणि नंतर घरभर वागवलेला राग एकदम बिनकामाचा झाला, आणि त्यामुळे तो जास्तच चढला.

"मंग तोंडानं सांगाले काय झालं व्हतं?"

हर्षालीनं निरोप पोचवायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. राहीबाई तिच्याकडे बघत नव्हती. ती देवाजींकडे बघत होती.

देवाजी भिंत सोडून जमिनीकडे बघायला लागले.

"तुमी सांगतलं काय?" ते म्हणाले. "सीट बदलून द्या म्हनून? एका शब्दाचं काम व्हतं."

बाहेर एक ट्रक हॉर्न वाजवत गेला.

"मोठेबाबा," फोनमधून पंकज दबकत म्हणाला, "मंग तुमची साधी काढू काय? मागं?"

"काढ. मागं बसतो मी. बसाची सवय हाय मले."

"काई नाई!" राहीबाई फोनवरच ओरडली. "सत्तर वर्षांचा मानूस मागं अवघडून बसीन अन् मी पुढं लोळत जाऊ? दोनी तशाच काढ. फक्त माही सीट पुढं कर अन् त्याइची मागं. मी निजतो. तोंडावर रजई मी घेतो या बारीले."

"नक्की निजशीन?"

"निजतो म्हनलं ना! ठेव आता."

देवाजी ओट्यावर गेले. मोतीरामनं सगळं ऐकलं होतं, आणि तो गप्प बसणाऱ्यातला नव्हता.

"मंग देवाजीभाऊ, झोप कशी लागते म्हनता तिथं?"

"मले काय मालूम!" देवाजी त्याच्यावर खेकसले. "तुही ताडपत्री झाली का नाई, ते पाहू दे."

त्यांनी सवयीनं हर्षालीला हाक मारायला आत मान वळवली. हर्षाली तिथंच उभी होती. त्यांनी घसा खाकरला आणि तिला मध्ये न घालता आत राहीबाईला विचारलं,

"ताडपत्री झाली काय?"

राहीबाईनं फाटलेला काठ पुन्हा मांडीवर ओढला.

"फाटली," ती म्हणाली. "घंटाभर लागते."