प्याला पुढे गेला

आनंदाबाईने प्याला दोन्ही हातांनी घेतला, डोक्यावरचा पदर पुढे ओढून मान खाली घातली, आणि ओठांना न लावताच तो मनोरमाच्या हातात दिला.

या खेपेला मनोरमा पाहतच होती. मागच्या महिन्याच्या प्रभुभोजनाला, म्हणजे चर्चमध्ये सगळ्यांनी एकाच भाकरीतून खाऊन एकाच प्याल्यातून पिण्याच्या विधीला, तिला वाटले होते, आपल्याला भास झाला असेल. मांडीवर सहा महिन्यांचा शमू चुळबुळत होता, लक्ष धड कुठेच नव्हते. आज मात्र तिने नजर काढली नाही. भाकरीचा तुकडा म्हातारीने खाल्ला होता. प्याल्याचा काठ मात्र कोरडा होता. समोर उभा राहून पाळक प्रभाकरराव, म्हणजे मनोरमाचा नवरा, सांगत होता, की ज्याच्या मनात किल्मिष असेल त्याने आधी ते काढून टाकावे, मगच या मेजाशी यावे. मनोरमाने आपला घोट घेतला. मग प्याला पुढे दिला.

जामच्या फाट्यापासून दोन कोसांवरचे हे गाव. तीस-पस्तीस ख्रिस्ती घरे, कौलारू चर्च, आणि चर्चच्या अंगणातच पाळकाचे दोन खोल्यांचे घर. नागपूरच्या कॉलेजात शिकलेली मनोरमा दोन वर्षांपूर्वी इथे आली, तेव्हा तिच्याबरोबर एक रिकामा पाळणा होता. पहिली मुलगी आधीच्या गावीच आठ महिन्यांची होऊन वारली होती. दोन दिवसांचा ताप, बस. त्यानंतर मनोरमा पाणी उकळल्याशिवाय पीत नसे, आणि शमू झोपला की घड्याळ हातात घेऊन त्याचे श्वास मोजी. शमूला या जगात आणले ते आनंदाबाईनेच. मिशनच्या जुन्या दवाखान्यात तीस वर्षे सुईणपण केलेली बाई. दवाखाना बंद झाला तरी तिचे हात काही थांबले नव्हते. रोज सकाळी ती यायची, उन्हात पाय पसरून बसायची, आणि शमूला तेलाने असा चोळायची की तो हसत हसत झोपी जायचा.

आणि ऑगस्टपासून तिने शमूला हात लावणे सोडले होते.

“माया हातात आता कस नाई राह्यला, बाई,” एवढेच म्हणाली. प्रभुभोजनाचा रस करण्याचे कामही तिने त्याच सुमारास मनोरमावर टाकले. मनुका भिजवून, उकळून, फडक्यातून गाळून तो रस करायचा. वीस वर्षे ते काम तिचे होते. शिकवायला आली, तीही स्वयंपाकघरात पाऊल न टाकता. अंगणात निंबाखाली उभी राहून सांगत होती, “हातानं पिळजो, चमच्यानं नको दाबू. साल फुटलं का कडू येते.”

मनोरमाला वाटे, हिच्या मनात आपल्याविषयी अढी बसली आहे. अढी बसायला कारणही होते. फेब्रुवारीत स्त्रियांच्या सभेत मनोरमाने सुचवले होते की एका प्याल्याला तीस तोंडे लागतात हे आरोग्याला बरे नाही. नागपूरकडे आता प्रत्येकाला लहान काचेचा ग्लास देतात. चर्चची झाडलोट करणारा लहानू दारातून म्हणाला होता, “काऊन जी, नागपूरले देव शिशीतून भेटते काय?” सगळ्या बाया हसल्या होत्या. आनंदाबाई हसली नाही.

“मी बारा वर्सांची होतो,” ती म्हणाली होती, “तवरोक इहिरीवर आमाले भांडं लावू देत नोते. खाली बसाचं, ओंजय धराची. वरून कोनी ओतलं तं प्याचं, नाई तं उनात बसाचं. ओतनारा इतका उंच उभा राहे का अर्धं पानी कोपरानं वाहून जाये. मंग बाप इथं आला, बाप्तिस्मा घेतला. पह्यल्या डाव मायनं थो प्याला तोंडाले लावला, अन् तिच्या बादच्या गोऱ्या मडमनं त्याच काठाले तोंड लावलं. माय घरी येऊन रडली. येगळं भांडं मी लई पाह्यलं, पाळकीनबाई. आता मले नोका दाखवू.”

त्यानंतर ग्लासांचा विषय कोणी काढला नव्हता.

प्रभुभोजनाच्या त्या दुपारी मनोरमाने नवऱ्याला सांगितले. तो त्या दिवसांत पवित्र जीवनावर ओळीने उपदेश देत होता. टेबलावर कागद पसरले होते.

“तुम्ही पायऱ्या सांगता ना पवित्रतेच्या,” ती म्हणाली, “तुमच्या पहिल्या बाकावरची बाई दोन महिने प्याला घेत नाही.”

“तुला नक्की माहीत आहे?”

“माझ्याच हातात देते.”

प्रभाकररावाने लेखणी खाली ठेवली. त्याला हे ऐकायचे नव्हते, पण ऐकल्यावर गप्प बसणारा तो माणूस नव्हता. गोष्ट चर्चच्या मंडळीच्या पंचांपर्यंत गेली. पंचांत मुख्य बबनराव, निवृत्त हेडमास्तर. बैठक पाळकाच्याच ओसरीवर झाली, आणि मनोरमा आत चहा गाळत सगळे ऐकत होती.

“आनंदाबाई, कोणाशी अबोला आहे का?”

“नाई जी.”

“मग मनात काही पाप आहे?”

“थे तं सगळ्याइच्या मनात हाय, मास्तर. तुमच्या नाई काय?”

पायरीवर बसलेला लहानू खुदकन हसला. बबनरावांचा आवाज चढला. “प्याला का घेत नाहीस, तेवढं सांग!”

“थे मी देवाले सांगतलं हाय.”

“मंडळीला सांगायला नको?”

 आनंदाबाई फक्त खोकली, पदर तोंडावर धरून. ठरले असे, की मन मोकळे करीपर्यंत तिने मागच्या बाकावर बसावे आणि भाकर-प्याला दोन्हींपासून दूर राहावे. तिने मान हलवली. जाताना दाराशी मनोरमा कपबश्या घेऊन उभी होती. तिच्याकडे पाहून म्हातारी म्हणाली, “पोराच्या टाळूले तेल घालत जाजो. थंडी येऊन राह्यली,” आणि पायऱ्या उतरून गेली.

मागचा बाक दाराजवळ होता. बाया येता-जाता कुजबुजत. कोणी म्हणे, सुईणपणात काही भलतेसलते केले असेल. कोणी आणखी काही म्हणे. समोरून प्रभाकरराव पवित्रतेच्या पायऱ्या सांगत राहिला, आणि मनोरमा मान न वळवता पाठीमागचा तो खोकला ऐकत राहिली.

नोव्हेंबरात कापूस वेचायला आला, हिंगणघाटकडे जाणाऱ्या गाड्या रस्त्याने दिसू लागल्या, आणि एका सकाळी शमू खोकला. शमूला त्याच दिवशी आठवा महिना पुरा होत होता. अंग किंचित तापले होते. प्रभाकरराव दुसऱ्या गावी गेला होता. मनोरमाने श्वास मोजले, पुन्हा मोजले, दोनदा वेगळा आकडा आला, आणि ती पोराला दुपट्यात गुंडाळून तडक आनंदाबाईच्या घरी गेली. काय करायला, हे तिचे तिलाच ठाऊक नव्हते. पाया पडायला की भांडायला.

“तिथंच थांब!” आतून आवाज आला. “उंबरा नोको वलांडू!”

“माझ्या लेकरानं तुमचं काय वाकडं केलं, मावशी?” मनोरमाचा आवाज फुटला. “राग माझ्यावर आहे ना? मग मला बोला! याला बघा एकदा, खोकतोय हा. तुमच्या हातांवर जन्मलेला आहे…”

“कवापासून खोकलते?”

“सकाळपासून.”

“नाक वाहते?”

“हो.”

“दूध पेते?”

“पितो.”

“मंग सर्दी हाय. पन मी सांगतो थे आयक. उद्या सेवाग्रामले ने अन् डाक्टरले सांगजो, का याले चोळनाऱ्या बाईले छातीचा क्षय हाय.”

मनोरमाने तेव्हा पाहिले. मागच्या खिडकीशी ओढलेली खाट. खाटेखाली राख घातलेला झाकणाचा डबा. कोनाड्यात एकटेच पालथे घातलेले एक टमरेल. आणि खाटेवर बसलेली बाई, जिच्या गळ्याची हाडे चोळीबाहेर आली होती आणि जिच्याकडे आपण दर रविवारी पाठ करून बसत होतो.

“ऑगस्टात छातीचा फोटू काढला. सुया घेऊन राह्यली मी, पन लई उशीर झालता म्हंते.”

“सांगितलं का नाही? लोक तुम्हाला काय काय म्हणतात…”

“म्हनू दे. पाप काई एकाचं दुसऱ्याले लागत नाई. हे लागते.” दम घ्यायला ती थांबली. “अन् सांगतलं असतं तं तू एक रात झोपली असती काय? पोराले रोज मांडीवर घेत होतो मी. जवा समजलं तवा सोडलं. अन् चर्चमंदी? एक डाव भेव शिरलं का जो थो आपलं भांडं घेऊन येते. मंग थ्या प्याल्याले कोन पुसते?”

“मावशी, यांना मीच सांगितलं होतं. प्याल्याचं.”

“ठाऊक हाय. माया बाजूले तूच तं बसत होती,” म्हातारी म्हणाली. तिला हसू आले आणि हसण्याचा खोकला झाला. हाताने तिने मनोरमाला लांब व्हायला खुणावले.

दुसऱ्या दिवशी सेवाग्रामच्या डॉक्टरांनी शमूची छाती ऐकली, सर्दी आहे म्हणाले, आणि महिन्याने परत आणायला सांगितले. मनोरमा त्या महिन्याचे दिवस मोजू लागली.

प्रभाकररावाने सगळे ऐकून घेतले आणि तो आपल्या उपदेशाचे कागद नुसते सरळ करत बसला. आनंदाबाईने कारण सांगायला बंदी केली होती. पुढच्या रविवारी त्याने उभे राहून एवढेच सांगितले, की आनंदाबाईवर मंडळीचा कसलाही ठपका नाही, चूक पाळकाची होती. बबनराव कारण विचारत राहिले. त्यांना ते मिळाले नाही. आनंदाबाई मात्र पुढच्या बाकावर आली नाही. तिला आता उठवत नव्हते.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी उपासना संपल्यावर दोघे प्याला घेऊन तिच्याकडे गेले. गल्लीच्या तोंडाशी मनोरमाने शमूला लहानूच्या हातात दिले. एरवी ती त्याला कोणाकडे देत नसे.

प्रभाकररावाने प्रार्थना केली, भाकर मोडून तुकडा तिच्या तळहातावर ठेवला. तिने तो फार वेळ चघळला. मग त्याने प्याला पुढे केला तशी ती मागे सरकली.

“नाई, साहेब. त्याले माहे ओठ नोको.”

मनोरमाला हे ठाऊकच होते. तिने पिशवीतून घासून पुसून आणलेला लहान काचेचा ग्लास काढला. आनंदाबाईने त्याच्याकडे पाहिले आणि मान हलवली.

“येगळं भांडं नोको, पोरी.”

खाटेच्या कडेला धरून ती हळूहळू खाली जमिनीवर उतरली, उकिडवी बसली. पदर सारून तिने दोन्ही हात जुळवले, ओंजळ हनुवटीशी धरली, आणि तोंड वर करून थांबली.

प्रभाकररावाच्या ध्यानात आले तसा त्याने प्याला मागे घेतला. “आनंदाबाई, असं नको. असं माझ्या हातून नाही व्हायचं.”

“मंग तिच्या हाती द्या,” ती म्हणाली.

मनोरमाने प्याला घेतला. तिच्याच हातांनी पिळलेला रस होता, चमच्याने न दाबलेला. थेंब सांडू नये म्हणून ती वाकली, आणखी वाकली, इतकी की म्हातारीचा श्वास तिच्या मनगटाला लागला.

“वर धर, बाई,” आनंदाबाई म्हणाली. “काठ लागन. उंचावून ओत. तुले सवय नाई.”

मनोरमाने हात वर नेला.