पांढरा कोट

सौरघट म्हणजे सिलिकॉनची पातळ, काळसर निळी चकती. तिच्यावर छापलेल्या चांदीच्या रेषा वीज गोळा करतात, पण रेषा जितकी जाड तितकी तिची सावली मोठी. भावजयीने दोन वर्षं त्या बारीक करण्यात घालवली होती आणि आपल्याला ते साधलंय, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. मोजणीच्या खोलीत मात्र तिची थोरली नणंद काळा कोट घालून बसे. घरी आमटीत मीठ कमी पडलं तर नणंद चालवून घेई. इथे आकड्याच्या बाबतीत तिने सख्ख्या भावाचीही गय केली नसती.

जेवणानंतर साहेब येणार होते. पडलेल्या उजेडाच्या चोवीस टक्के वीज मिळाली तर बारीक रेषा कारखान्यात जाणार, नाहीतर जुन्या जाड रेषांचंच राज्य चालू राहणार.

नणंदेने घट मोजणीच्या प्रखर दिव्याखाली ठेवला. दिवा लागला. तेवीस पूर्णांक आठ. नीट बघायला भावजय पुढे वाकली आणि आकडा चोवीसच्या वर चढला. तिचा आनंद गगनात मावेना. नणंदेने तिला भिंतीपाशी उभं राहायला सांगितलं, तसा आकडा मुकाट खाली आला.

"तुझ्या पांढऱ्या कोटावरून उजेड उसळून घटावर पडत होता," नणंद म्हणाली.

भावजयीला वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं. पण हातपाय गाळून बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. कोट काढून तिने खुंटीवरचं काळं जाकीट चढवलं आणि स्वतःच्या खणातून दुसरा घट आणला. याच्या रेषा आणखी बारीक होत्या. ऐनवेळी एखादी तुटलेली निघाली तर शोभा व्हायची, म्हणून तिने तो मागे ठेवला होता. अतिशहाणपण नडलं, असं तिने स्वतःच कबूल केलं.

नणंद दिवा लावणार, तोच भावजयीने तिचा हात धरला.

"वन्सं, थांबा. तुमचे केसही पांढरेच आहेत."

घरात या केसांचा विषय काढायची कुणाची छाती नव्हती. नणंदेने डोळे वटारले, आणि मग निमूटपणे मान पुढे केली. भावजयीने आपला काळा स्कार्फ तिच्या डोक्याला घट्ट बांधला.

चोवीस पूर्णांक दोन. नणंदेने पुन्हा मोजलं, भावजयीला खोलीबाहेर घालवून आणखी एकदा मोजलं. आकडा हलला नाही.

साहेब आले, ते दोघींना अशा काळ्या वेशात पाहून दारातच थबकले. कुणाचं काही बरंवाईट झालं का, असं त्यांनी हळूच विचारलं.

"झालं ना," नणंद म्हणाली. "जाड रेषांचं."